उपआज्ञावलीचा उगम आणि आखूडपणाचा दंडक

संगणकाच्या आज्ञावली लिहिण्यास शिकविणाऱ्या बहुतेक ग्रंथांत एक दंडक सांगितलेला आढळतो : फंक्शन आखूड असावे, साधे असावे आणि त्याने एकच काम करावे. आखूड म्हणजे किती, ह्याचे उत्तर मात्र ग्रंथागणिक बदलते. कोणी ५० ओळी म्हणतो, कोणी ६०. कोणी पडद्यावर मावेल तितके म्हणतो, तर कोणास वीस ओळीही अधिक वाटतात. एकाच दंडकाची मापे इतकी भिन्न असतील, तर ती आली कोठून, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकास पडणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखात ह्या मापांचा माग काढावयाचा आहे. तो काढू लागले असता असे दिसून येते की, ही मापे बहुधा बाहेरून आली. ती यंत्राच्या स्मृतीवरून, कागदाच्या पानावरून किंवा पडद्याच्या उंचीवरून ठरली. ज्या गुणासाठी आखूडपणा हवा होता, तो गुण ओळींत मोजता येण्याजोगा नव्हता. आतील रचना न पाहता एखादा भाग निर्धास्तपणे वापरता येणे, हा तो गुण होय. केंब्रिज येथे १९४९ ते १९५२ ह्या काळात तो स्पष्टपणे ओळखला गेला, आणि पुढे वेळोवेळी दृष्टीआड झाला.

सबरूटीन, प्रोसीजर, फंक्शन, मेथड ही नावे निरनिराळ्या भाषांत व निरनिराळ्या काळांत रूढ झाली. त्यांतील भेद व्यवहारात महत्त्वाचे असले, तरी येथे त्यांचा विचार कर्तव्य नाही. मुख्य आज्ञावलीने एखादे काम सोपवावे, ते काम पुरे होताच नियंत्रण मूळ जागी परत यावे, एवढा अर्थ सर्वांत समान आहे.

ही कल्पना प्रथम कोणास सुचली, ह्याचा निर्णय करणे फारसे फलदायी नाही. फिलाडेल्फिया येथील एनिअॅक यंत्रावर काम करणाऱ्या स्त्री-गणितींनी आज्ञांचे तेच ते गट पुन्हा वापरण्याच्या युक्त्या योजिल्या होत्या. जॉन मॉक्ली ह्यांनी १९४७ साली त्याविषयी जाहीर विवेचनही केले. अॅलन ट्यूरिंग ह्यांनी टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेसाठी १९४५ च्या अखेरीस जो अहवाल सिद्ध केला, त्यात दुय्यम क्रियांची योजना आहे. दुय्यम क्रियेकडे जाताना परतीच्या जागेची टीप स्मृतीत ‘पुरून’ ठेवावयाची आणि क्रिया संपताच ती ‘उकरून’ काढावयाची, अशी ती योजना होती. पुरलेल्या टिपांपैकी जी शेवटी पुरली ती प्रथम बाहेर निघे. आज ज्यास ‘स्टॅक’ म्हणतात त्याचे हे पूर्वरूप होय. गोल्डस्टाइन व फॉन नॉयमन ह्यांनी आज्ञावलींच्या नियोजनावर जी पुस्तिकामाला लिहिली, तिच्या १९४८ सालच्या अखेरच्या भागात स्वतंत्रपणे तयार केलेल्या आज्ञावली एकत्र जुळविण्याचा विचार आहे. परंतु ह्या तिन्ही ठिकाणी कल्पना आहे, दैनंदिन वहिवाट नाही. वहिवाट केंब्रिजला पडली.

केंब्रिज विद्यापीठाच्या गणिती प्रयोगशाळेत मॉरिस विल्क्स ह्यांच्या नेतृत्वाखाली एड्सॅक हे यंत्र उभे राहिले आणि ६ मे १९४९ रोजी त्यावर पहिली आज्ञावली यशस्वीपणे चालली. शून्यापासून ९९ पर्यंतच्या संख्यांच्या वर्गांचे कोष्टक तिने छापले. यंत्राची स्मृती पाऱ्याच्या नळ्यांतून फिरणाऱ्या ध्वनिलहरींची होती. आरंभी तीत ५१२ स्थाने होती आणि एक आज्ञा एक स्थान व्यापीत असे. ह्याच ५१२ स्थानांत आज्ञा, आकडे आणि मध्यंतरीची उत्तरे, सर्व काही बसवावयाचे होते.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये विल्क्स एअरी ह्यांच्या भेदसमीकरणाची कोष्टके काढण्यासाठी एक आज्ञावली लिहीत होते. आपल्या उर्वरित आयुष्याचा मोठा भाग स्वतःच्याच आज्ञावलींतील चुका शोधण्यात जाणार आहे, ही जाणीव त्यांना त्या काळी झाली, असे त्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत नमूद केले आहे. त्या कामाची एक कागदी फीत पुढे सापडली. मार्टिन कॅम्बेल-केली ह्यांनी ती तपासली तेव्हा १२६ ओळींत सुमारे २० चुका आढळल्या. विल्क्स हे यंत्राचे निर्माते. यंत्र त्यांच्याइतके जाणणारा दुसरा कोण असणार? अशा मनुष्याच्या हातून सरासरी सहा ओळींस एक चूक होत असेल, तर एकदा पारखून घेतलेला भाग पुन्हा न लिहिता जसाच्या तसा वापरण्याची निकड किती होती, हे वेगळे सांगावयास नको.

ही निकड भागविणारी युक्ती डेव्हिड व्हीलर ह्या तरुण संशोधक विद्यार्थ्याने काढली. ती काहीशा तपशिलाने पाहण्यासारखी आहे. कारण उपआज्ञावलीस आपण कोठून बोलाविले गेलो हे कसे कळावे, हा प्रश्न तोवर खरोखर अवघड होता. एड्सॅकमध्ये परतीची जागा जतन करणारी स्वतंत्र आज्ञा नव्हती. व्हीलरने असे केले : समजा, मुख्य आज्ञावली शंभराव्या स्थानी आली आहे. त्या स्थानी ‘शंभराव्या स्थानातील मजकूर संचायकात मिळव’ अशी बेरजेची आज्ञा ठेवावयाची. आज्ञा आणि आकडा ह्यांत यंत्र भेद करीत नसल्यामुळे ती आज्ञा स्वतःचीच प्रत संचायकात नेऊन ठेवी. पुढील, म्हणजे १०१ व्या स्थानी, उपआज्ञावलीकडे उडी असे. उपआज्ञावली प्रथम त्या प्रतीत एक ठराविक स्थिरांक मिळवी. ह्या स्थिरांकाची निवड मोठी चतुर होती : बेरजेच्या आज्ञेचा सांकेतिक अंक २८, स्थिरांकातील आज्ञेचा ७, त्यांची बेरीज ३५, आणि पाच अंकी द्विमान जागेत ती ३ इतकीच उरते. तीन हा उडीच्या आज्ञेचा संकेत होता. त्याबरोबरच पत्त्यात दोन मिळविले जात. अशा रीतीने ‘शंभर मिळव’ ह्या आज्ञेतून ‘१०२ वर उडी घे’ ही आज्ञा तयार होई, आणि उपआज्ञावली ती आपल्या शेवटच्या स्थानी लिहून ठेवी. काम संपताच नियंत्रण आपोआप मुख्य आज्ञावलीत योग्य जागी परते. पुढे ही युक्ती ‘व्हीलर उडी’ ह्या नावाने ओळखली गेली.

सप्टेंबर १९४९ मध्ये व्हीलरने यंत्राच्या प्रारंभिक आज्ञांचा नवा संच केला. तो केवळ ४१ आज्ञांचा होता. परंतु फितीवरून वाचल्या जाणाऱ्या उपआज्ञावलीतील पत्ते, ती स्मृतीत जेथे बसावयाची असेल त्याप्रमाणे, तो स्वतःच बदलून घेई. त्यामुळे तीच फीत कोणत्याही आज्ञावलीत, कोणत्याही स्थानी चालू लागली. ह्या दोन साधनांच्या आधारे ग्रंथालय उभे राहिले. १९५१ पर्यंत त्यात ८७ उपआज्ञावली जमल्या होत्या : भागाकार, वर्गमूळ, त्रिकोणमितीय फले, भेदसमीकरणे, छपाईची मांडणी, तपासणी इत्यादी. ज्यास हवी त्याने मूळ फितीवरून आपल्या फितीवर यंत्राने नक्कल करून घ्यावी, अशी व्यवस्था होती. विल्क्स, व्हीलर व स्टॅन्ली गिल ह्यांनी त्याच वर्षी ह्या पद्धतीचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि ती इतर प्रयोगशाळांस माहीत झाली.

येथवरच्या वृत्तान्तावरून उपआज्ञावली ही स्मृती व श्रम वाचविण्याची युक्ती होती, असे कोणासही वाटेल. बहुतेक इतिहासांत ते तसेच सांगितलेले असते. तथापि व्हीलरने मे १९५२ मध्ये पिट्सबर्ग येथील परिषदेत जो निबंध वाचला, तो पाहता ही समजूत अपुरी ठरते. निबंध अगदी त्रोटक आहे. स्मृतीच्या बचतीचा उल्लेख त्यात आहेच. परंतु आज्ञावलीचे असे तुकडे पडले म्हणजे लिहिणाऱ्यास एका वेळी एकाच भागावर चित्त केंद्रित करता येते, समग्र आज्ञावलीचा तपशील सतत मध्ये येत नाही, हेही व्हीलरने सांगितले आहे. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, उपआज्ञावली लिहून व पारखून झाल्यानंतर तिचे वर्णन लिहावयाचे काम उरते, आणि ज्यास आतील आज्ञा ठाऊक नाहीत अशालाही ती सहज वापरता यावी असे ते वर्णन करणे हेच कदाचित सर्वांत कठीण, असे त्याचे मत होते. वापरण्यातील सोपेपणा, आज्ञांची अचूकता आणि वर्णनाचा काटेकोरपणा ही तीन उद्दिष्टे त्याने शेवटी सांगितली, आणि सारी गुंतागुंत शक्य तो नजरेआड पुरून टाकावी असे म्हटले. लांबीचा उल्लेख ह्या तिहींत नाही. ५१२ स्थानांच्या यंत्रावर वाढलेल्या मनुष्याने लांबीविषयी मौन पाळावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

पुढील दशकात भाषा आल्या. आयबीएमची फोर्ट्रान १९५७ साली व तिची दुसरी आवृत्ती १९५८ साली वापरात आली. ह्या दुसऱ्या आवृत्तीत सबरूटीन व फंक्शन स्वतंत्रपणे लिहून स्वतंत्रपणे भाषांतरित करण्याची सोय झाली, त्यामुळे एका भागात दुरुस्ती केली म्हणून सारी आज्ञावली पुन्हा भाषांतरित करण्याचे कारण उरले नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या टिफ्रॅक यंत्राची स्मृती २०४८ शब्दांची होती; तेथे १९६४ साली सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र येईपर्यंत स्मृतीची चणचण ही आपल्याकडेही नित्याचीच बाब होती. फोर्ट्रानच्या ह्या सोयीबरोबर एक दुखणेही आले. ‘कॉमन’ ह्या नावाचे सामायिक स्मृतिक्षेत्र अनेक सबरूटीनांस एकत्र वापरता येई. सबरूटीन वीस ओळींचीच असो. ती ह्या सामायिक क्षेत्रातील पंधरा चलांस हात लावीत असेल, तर ती समजून घेण्यास त्या चलांस हात लावणाऱ्या इतर सर्व सबरूटीन वाचाव्या लागतात. दिसण्यात ती आखूड, पण वाचनाच्या दृष्टीने फार लांब. विल्यम वुल्फ व मेरी शॉ ह्यांनी सामायिक चलांवर कडक टीका केली ती १९७३ साली, म्हणजे पंधरा वर्षांनंतर.

आल्गोल ६० ह्या भाषेने प्रोसीजरला स्वतःची स्थानिक चले दिली आणि ती स्वतःलाच बोलावू शकेल अशी मोकळीक दिली. अॅम्स्टरडॅम येथे डायक्स्ट्रा व झोनेव्हेल्ड ह्यांनी १९६० च्या ऑगस्टमध्ये तिचा कंपायलर सिद्ध करून हे सर्व प्रत्यक्षात येऊ शकते हे दाखविले. तरीही प्रोसीजरला बोलावणे वेळखाऊ आहे हा समज कामकऱ्या मंडळीत दृढ राहिला आणि त्यामुळे लांबलचक आज्ञावली लिहिण्यास एक प्रतिष्ठित निमित्त मिळाले. ह्या खर्चाचे मूळ प्रोसीजरच्या कल्पनेत नसून कंपायलरांच्या ढिसाळ रचनेत आहे, असे गाय स्टील ह्यांनी १९७७ साली सप्रमाण मांडले.

१९६८ हे वर्ष ह्या इतिहासात वळणाचे मानले जाते. त्या वर्षी मार्चमध्ये डायक्स्ट्रा ह्यांचे ‘गो टू’ आज्ञेविरुद्धचे प्रसिद्ध पत्र छापून आले. त्याचे गाजलेले शीर्षक संपादक निक्लाउस विर्थ ह्यांनी दिले होते. ऑक्टोबरमध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटो संघटनेच्या आश्रयाने परिषद भरली आणि मोठ्या आज्ञावली वेळेत व बिनचूक पुऱ्या होत नाहीत, ही तक्रार तेथे उघडपणे मांडली गेली. यंत्रे मोठी झाली होती, स्मृतीची टंचाई ओसरत होती; आता टंचाई भासू लागली ती मनुष्याच्या आकलनाची. डायक्स्ट्रा ह्यांनी आपल्या संरचित आज्ञावलीविषयक टिपणांत एक साधा हिशेब मांडला आहे. आज्ञावलीत ‘न’ भाग असतील आणि प्रत्येक भाग बरोबर असण्याची संभाव्यता ‘प’ असेल, तर समग्र आज्ञावली बरोबर असण्याची संभाव्यता ‘प’च्या ‘न’व्या घाताहून अधिक असू शकत नाही. शंभर भाग आणि प्रत्येकाची शाश्वती ०.९९ घेतली, तर उत्तर सुमारे ०.३७ येते. ह्या हिशेबाने भाग लहान करा असे सांगितले आहे, असा अर्थ पुष्कळांनी घेतला. वस्तुतः तो सांगतो ते वेगळेच : भाग वाढले की प्रत्येकाविषयीची खात्री जवळजवळ पूर्ण असावयास हवी. केवळ तुकडे पाडल्याने ‘न’ वाढतो. ‘प’ वाढतोच असे नाही.

नेमक्या ह्याच काळात ओळींचे माप पुढे आले. आयबीएममध्ये हार्लन मिल्स ह्यांनी संरचित पद्धतीचा पुरस्कार केला व टेरी बेकर ह्यांनी न्यूयॉर्क टाइम्स वृत्तपत्राच्या माहितीकोशाचे काम तिने पार पाडून १९७२ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. सुमारे ८३,००० ओळींचे ते काम होते. त्यात आज्ञावलीचे खंड छापील यादीच्या एका पानावर मावतील असे, म्हणजे सुमारे ५० ओळींचे, ठेवण्याचा नियम होता. यंत्राचा छापखाना इंचास सहा ओळी छापी आणि कागद ११ इंचांचा असे. एकूण ६६ ओळींतून समास व मथळा वजा जाता उरे तेवढे हे माप. त्यामागील हेतू निर्दोष होता : पाने उलटावी न लागता संपूर्ण खंड एका दृष्टिक्षेपात वाचता यावा. परंतु हेतू मागे पडून आकडा पुढे जाण्यास वेळ लागत नाही. काही लेखकांनी तर त्यास मानसशास्त्राचा टेकू दिला आणि जॉर्ज मिलर ह्यांच्या १९५६ सालच्या ‘सात, अधिक-उणे दोन’ ह्या निबंधाचा हवाला दिला. मिलर ह्यांचे विवेचन स्वर ओळखणे, सुटे अंक लक्षात ठेवणे अशा प्रयोगांविषयीचे होते. आज्ञावलीच्या ओळी एकमेकींशी अर्थाने बांधलेल्या असतात. त्यांना ते लागू करणे ओढाताणीचे आहे.

डेव्हिड पार्नास ह्यांचा डिसेंबर १९७२ चा निबंध ह्या सर्वांत मूलगामी म्हणावा लागेल. त्यांनी उदाहरण अगदी लहान घेतले. काही ओळी वाचावयाच्या, प्रत्येक ओळीतील शब्द चक्राकार फिरवून तिच्या सर्व आवृत्ती करावयाच्या आणि त्या वर्णानुक्रमे छापावयाच्या. ह्या कामाची त्यांनी दोन प्रकारे विभागणी केली. पहिल्या विभागणीत कामाच्या पायऱ्यांप्रमाणे पाच घटक आहेत : वाचन, फिरवणी, क्रमवारी, छपाई आणि त्यांवरचा नियंत्रक. सर्व घटक आटोपशीर आहेत. प्रत्येक जण एकच काम करतो. विद्यार्थ्यास दाखविली तर तो हीच विभागणी पसंत करील. पण ओळी स्मृतीत कशा साठविल्या आहेत, हे ह्यांतील जवळजवळ प्रत्येक घटकास ठाऊक असावे लागते. साठवणीची पद्धत बदलली की सगळे बदलतात. दुसऱ्या विभागणीत ओळींची साठवण हा स्वतंत्र घटक आहे, आणि ती साठवण कशी होते हे त्याच्यावाचून कोणास माहीत नाही. घटक कामाच्या टप्प्यावरून पाडावयाचे नाहीत. बदलण्याचा संभव असलेला एकेक निर्णय एकेका घटकात झाकावयाचा. दुसऱ्या पद्धतीत घटकांमधील ये-जा पुष्कळ होईल आणि ती नेहमीच्या रीतीने केल्यास महाग पडेल, ही अडचणही पार्नास ह्यांनी लपविली नाही. व्हीलरने ‘गुंतागुंत पुरून टाका’ एवढेच म्हटले होते. काय पुरावे ह्याची कसोटी पार्नास ह्यांनी दिली.

त्यानंतर दोन वर्षांनी स्टीव्हन्स, मायर्स व कॉन्स्टंटाइन ह्यांनी घटकांतील परस्परावलंबन आणि घटकाचा आंतरिक एकजिनसीपणा ह्या दोन कल्पना मांडल्या. त्यांची एक कसोटी भाषेच्या अभ्यासकांस विशेष रुचेल. घटक काय करतो हे एका वाक्यात लिहावे. वाक्य संयुक्त झाले, त्यात स्वल्पविराम किंवा दुसरे क्रियापद आले, तर घटक बहुधा एकाहून अधिक कामे करीत आहे. ‘प्रथम’, ‘नंतर’, ‘मग’ असे शब्द आले, तर कामे केवळ कालक्रमाने एकत्र बांधलेली आहेत. येथे मोजावयाच्या त्या आज्ञावलीच्या ओळी नव्हेत. तपासावयाचे आहे ते वर्णन. मराठीत ‘करून’, ‘घेऊन’, ‘लावून’ अशा अव्ययांनी चार क्रिया एका वाक्यात बेमालूम गुंफता येतात, तेव्हा ही कसोटी लावताना अशा रूपांकडेही लक्ष ठेवावे लागेल.

ओळींच्या मापावर सर्वांत समर्पक आघात टॉमस मॅकेब ह्यांनी १९७६ साली केला. एकामागून एक २५ ‘जर-तर’ रचना असलेली आज्ञावली ५० ओळींत सहज बसते, म्हणजे ती पानाच्या नियमास पूर्णतः अनुसरून आहे. पण तिच्यातून जाण्याच्या भिन्न वाटा दोनचा पंचविसावा घात, अर्थात ३,३५,५४,४३२ होतात. इतक्या वाटा कोण तपासणार? म्हणून मॅकेब ह्यांनी ओळींऐवजी निर्णय मोजावे असे सुचविले. निर्णयांची संख्या अधिक एक, असा साधारणपणे त्यांचा गुंतागुंतीचा अंक येतो आणि त्याची मर्यादा १० असावी असे त्यांचे मत होते. हे माप पानाच्या मापाहून निःसंशय सरस आहे. तरी तेही एक मापच. वरील आज्ञावलीचा अंक २६ भरतो. तिचे २५ फंक्शनांत तुकडे केले, तर प्रत्येकाचा अंक दोन होईल व तपासनीस समाधान पावेल. समग्र आज्ञावलीतील वाटा मात्र पूर्वीइतक्याच राहतील. त्या कमी होतात केव्हा? प्रत्येक फंक्शनचे वर्णन असे असेल, की आत कोणती शाखा निवडली गेली हे बाहेरच्याने लक्षात ठेवण्याचे कारणच पडू नये, तेव्हा. म्हणजे पुन्हा व्हीलरच्या तिसऱ्या उद्दिष्टापाशी यावे लागते.

हे सर्व केवळ सोयीचे प्रश्न आहेत असे समजू नये. अमेरिकेत २००७ साली टोयोटा कॅम्री मोटारीचा वेग अनपेक्षितपणे वाढून झालेल्या एका प्राणघातक अपघाताचा खटला २०१३ साली ओक्लाहोमा राज्यात चालला. इंजिन-नियंत्रक आज्ञावलीतील ६७ फंक्शनांचा मॅकेब-अंक ५० च्या वर आहे आणि थ्रॉटलचा कोन ठरविणाऱ्या फंक्शनचा तर शंभराच्या वर आहे, अशी साक्ष तज्ज्ञाने दिली; ज्युरीने निर्णय कंपनीविरुद्ध दिला. नासाच्या २०११ सालच्या चौकशीत इलेक्ट्रॉनिक दोषामुळे वेग वाढल्याचा पुरावा आढळला नव्हता, हेही येथे नमूद केले पाहिजे. दोष त्या फंक्शनातच होता असे ह्या खटल्यावरून सिद्ध होत नाही. इतक्या वाटांच्या फंक्शनात दोष नव्हता हे कोणासही खात्रीने दाखविता येत नाही, एवढे मात्र त्यातून दिसते.

आखूडपणाच्या पक्षास १९८४ साली एक अनपेक्षित धक्का बसला. व्हिक्टर बॅसिली व बॅरी पेरिकोन ह्यांनी नासाच्या गोडार्ड केंद्राशी संबंधित, उपग्रहांच्या नियोजनासाठी लिहिलेल्या सुमारे ९०,००० ओळींच्या आज्ञावलीतील चुकांची छाननी केली. हजार ओळींमागे चुकांचे प्रमाण लहान घटकांत अधिक व मोठ्या घटकांत कमी आढळले. चुकांचा मोठा वाटा घटकांच्या सांध्यांतील होता, आणि सांधे लहान घटकांनाही असतातच, हे त्यांनी सुचविलेल्या कारणांपैकी एक होते. मोठे घटक लिहिताना अधिक काळजी घेतली गेली असावी, हे दुसरे. ह्या निष्कर्षावर पुढे आक्षेपही आले. चुकांना ओळींनी भागून ते प्रमाण पुन्हा ओळींशीच ताडून पाहिले, तर भाजक मोठा होताच प्रमाण घटलेले दिसणारच, असा त्यांतील मुख्य आक्षेप होता. आक्षेप रास्त आहे. तरी सांध्यांविषयीचे निरीक्षण त्याने बाधित होत नाही. फंक्शनाचे दोन तुकडे केले की एक नवा सांधा जन्मास येतो. आणि सांधा हा फुकट मिळत नाही.

पानाची जागा पुढे पडद्याने घेतली. लिनस टॉरव्हाल्ड्स ह्यांनी लिनक्सच्या गाभ्यासाठी नव्वदीच्या दशकात लेखनाचे नियम घालून दिले. फंक्शन एका किंवा दोन पडद्यांत मावावे, आणि पडदा म्हणजे ८० स्तंभ व २४ ओळींचा, असे त्यांत आहे. मात्र त्याच परिच्छेदात एक शहाणपणाची सवलतही आहे : फंक्शनाची कमाल लांबी त्याच्या गुंतागुंतीच्या व्यस्त प्रमाणात असावी. अनेक लहान लहान पर्याय एकापुढे एक हाताळणारे साधे फंक्शन लांब असले तरी चालेल. स्थानिक चले पाच-दहाहून अधिक झाली, तर मात्र काही बिघडले आहे असे समजावे. अनुभवी कारागिराचा नियम असा असतो. आकडा सांगतो आणि तो केव्हा सोडावा तेही सांगतो.

रॉबर्ट मार्टिन ह्यांचा २००८ सालचा ग्रंथ ह्या बाबतीत फार पुढे गेला. फंक्शन लहान असावे आणि मग त्याहूनही लहान करावे. ते वीस ओळींचे होण्याचा प्रसंग क्वचितच यावा, अशी त्यांची शिकवण आहे. तरुण आज्ञावलीकारांवर तिचा प्रभाव मोठा आहे. दोन-तीन ओळींची, लांबच लांब नावांची फंक्शने, एक दुसऱ्याकडे व दुसरे तिसऱ्याकडे बोट दाखविणारी, असे लेखन त्यामुळे वाढले. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जॉन ऑस्टरहाउट ह्यांनी २०१८ साली ह्याचा प्रतिवाद केला. घटकाची खोली पाहावी, असे ते म्हणतात. बाहेर दिसणारा सांधा लहान आणि आत दडलेले काम मोठे असेल, तर घटक खोल. युनिक्समध्ये धारिका उघडणे, वाचणे, लिहिणे, आतील जागा बदलणे आणि बंद करणे ही पाचच आवाहने आहेत. त्यांमागे दडलेल्या ओळी मोजण्यास कोणी जात नाही आणि जाण्याची गरजही भासत नाही. उलट, एक वाचताना दुसरे उघडून ठेवावेच लागते अशी दोन फंक्शने त्यांनी दोषास्पद ठरविली. ती कितीही आखूड असोत, वाचकाच्या दृष्टीने ते एकच फंक्शन असून मध्ये विनाकारण फाडलेले आहे. मार्टिन ह्यांच्या पक्षाची बाजू अगदीच निर्बल नाही. लांब फंक्शने वर्षानुवर्षे साचत गेलेल्या कार्यालयांत त्यांच्या शिकवणुकीने पुष्कळ गाळ उपसला गेला, हे मान्य करावे लागते. पण उपसण्याची कुदळ बांधकामासही तीच वापरावी असे नाही.

ज्या क्षेत्रांत चुकीची किंमत जिवाने मोजावी लागते, तेथील नियमांत हे दोन्ही विचार एकत्र आढळतात. नासाच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेतील जेरार्ड होल्झमन ह्यांनी २००६ साली अशा आज्ञावलींसाठी दहा नियम प्रसिद्ध केले. चौथा नियम ओळखीचा आहे : फंक्शन एका छापील पानावर, सुमारे ६० ओळींत, मावावे. आज्ञावली कागदावर छापून वाचण्याची चाल तोवर जवळजवळ मोडली होती, तरी मोजपट्टी मात्र कागदाचीच राहिली. फंक्शन हे एक घटक म्हणून समजावे व पडताळता यावे, असे कारण त्यांनी दिले आहे. परंतु हा नियम एकटा येत नाही. फंक्शनागणिक सरासरी किमान दोन ठिकाणी आपली गृहीतके आज्ञावलीनेच तपासून पाहावी, असे लगेच पुढचा, पाचवा नियम सांगतो. सातवा नियम असा की, बोलावणाऱ्याने परत आलेले उत्तर तपासल्यावाचून पुढे जाऊ नये आणि बोलाविलेल्याने मिळालेली माहिती पारखल्यावाचून स्वीकारू नये. व्हीलरने जे वर्णन कागदावर शब्दांत लिहावयास सांगितले होते, त्याचा काही भाग अशा प्रकारे यंत्राने स्वतः वाचण्याजोग्या रूपात फंक्शनाच्या आतच येऊन बसला आहे.